सहा वर्षांचं पोर आणि काळोखातला बॅटमॅन

चोपड्याहून एका वडिलांचा प्रश्न आलाय. मोठा मुलगा बारा वर्षांचा, धाकटा सहा. धाकट्याच्या दप्तरावर बॅटमॅन, पाण्याच्या बाटलीवर बॅटमॅन, गेल्या वाढदिवसाच्या केकवरही तोच. आता सुट्टीत सगळ्यांनी मिळून जळगावला जायचं आणि सुपरहिरोचा एक ‘डार्क’ म्हणतात तसला सिनेमा बघायचा, असा बेत आहे. सर्टिफिकेट यूए १३+ आहे. आई म्हणते, धाकट्याला न्यायचं नाही. मामा म्हणतो, “काही व्हत नही! आपण नाही का व्हिडिओवर रामसेंचे भुताचे सिनेमे बघितले? मेलो का?” वडील मध्ये अडकलेत. त्यांचं विचारणं असं, की असले सिनेमे लहान मुलांना दाखवावेत का, आणि दाखवायचे तर कितव्या वर्षी?

भाऊ, आधी सरळ उत्तर देते, म्हणजे तिकिटं काढायची असतील तर खोळंबा नको. धाकट्याला नेऊ नका. मोठ्याला खुशाल न्या, पण त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा. आता कारणं सांगते. ती जरा लांबतील. मी धुळ्यात बावीस वर्षं मुलांची समुपदेशक म्हणून काम करते, त्याआधी पाच वर्षं बालवाडीत शिकवत होते, आणि नेमक्या याच विषयावर माझी स्वतःची एकदा चांगली फजिती झालेली आहे. तीही सांगणार आहे.

तुम्ही विचारताय सिनेमा योग्य की अयोग्य. मला घोळ त्याच्या आधीच दिसतो. तुमच्या घरात बॅटमॅन नावाचे दोन वेगळे गडी वावरतायत. एक दप्तरावरचा. तो पाच-सहा वर्षांच्या मुलांना आवडावा म्हणूनच तसा काढलेला असतो, गुबगुबीत, मोठ्या डोक्याचा, कोणाला काही न करणारा. दुसरा पडद्यावरचा. तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कॉलेजातली पोरं आणि त्यांच्याहून मोठी माणसं असतात. नाव तेच, कानाची टोपी तीच, म्हणून आपण दोघांना एक समजतो. तुमच्या धाकट्याला भेटायचंय पहिल्याला. तिकीट काढलं की भेटणार दुसरा.

हा घोळ आजचा नाही. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३९ मध्ये, अमेरिकेतल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात, आणि तेव्हाही तो रात्रीचाच माणूस होता. पुढे तिकडे कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी ओरड झाली, १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवरच नियम घालून घेतले, आणि सगळे हिरो एकदम सोज्वळ झाले. १९६६ची बॅटमॅनची टीव्ही मालिका बघाल तर हसायला येईल, इतकी ती रंगीत आणि खेळकर आहे. मग ती बघून वाढलेली पोरं मोठी झाली, आणि १९८६च्या सुमारास त्यांच्यासाठी हिरोला परत अंधारात नेलं गेलं. खेळणी विकणारे मात्र जिथे होते तिथेच राहिले. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ आला तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलबरोबर त्याची खेळणी मिळत होती. म्हणजे खेळणं चिमुरड्यांसाठी आणि सिनेमा भलताच. अमेरिकेतले पालक चिडले, तक्रारी झाल्या. तुमच्या घरात आज जो वाद चाललाय तो तिकडे तीस वर्षांपूर्वी होऊन गेला.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. पूर्वी नुसतं ‘यूए’ असायचं. २०२३च्या कायद्यातल्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. पुष्कळांना वाटतं, १३+ असेल तर थिएटरवाला दारातच लहान मुलाला अडवेल. नाही अडवणार. अडवायचा नियम फक्त ‘ए’ला, म्हणजे निव्वळ प्रौढांसाठीच्या सिनेमाला आहे. यूएपुढचा आकडा आई-बापांनी वाचायचा असतो, तिकीट फाडणाऱ्याने नाही. बॅटमॅनच्या वैऱ्यावरच्या ‘जोकर’ला २०१९ मध्ये आपल्याकडे ‘ए’ मिळालं होतं, तिथे विषयच संपतो. पण २०२२चा ‘द बॅटमॅन’ यूए होता. जवळजवळ तीन तासांचा, बराचसा रात्रीचा आणि पावसातला सिनेमा. तो पोराला दाखवायचा की नाही हे कोणी दुसरं ठरवून देत नाही.

माझ्याकडे आई-वडील आले की मी शेवभाजीचं उदाहरण देते. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा सहा वर्षांच्या पोराच्या ताटात कोणी वाढत नाही. म्हणून शेवभाजी वाईट ठरत नाही, आणि पोरगं भित्रंही ठरत नाही. त्याचं पोट अजून तसं झालेलं नसतं, एवढंच. एखादं पोर सहाव्या वर्षीही रस्सा ओरपतं. ते त्याच्या आईला ठाऊक असतं, बाहेरच्याला नाही. सिनेमाचंही तसंच आहे. म्हणून चांगलं-वाईट हा शब्दच मी या चर्चेतून काढून टाकते. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आता मुद्द्यावर येते. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावर दिसतं काय?

जोआन कँटर नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापिकांनी मुलं टीव्ही-सिनेमात कशाला घाबरतात यावर आयुष्यभर काम केलं. १९८०च्या सुमारास त्यांनी पालकांना विचारलं, तुमची मुलं कोणत्या कार्यक्रमाला घाबरतात? बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या घरून एक नाव फार वेळा आलं, ‘द इन्क्रेडिबल हल्क’. ही सुपरहिरोची मालिका. हिरवा धिप्पाड माणूस त्यात लोकांना वाचवतो! मोठ्यांना कोडं पडलं, वाचवणाऱ्याचीच भीती कशी? मग मुलांना तो कार्यक्रम दाखवून पाहिलं, तेव्हा कळलं की लहान मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती साधा माणूस फुगून हिरवा होतो त्या क्षणाला. मोठ्या मुलांना तिथे उलट हायसं वाटायचं, कारण आता मदत येणार हे त्यांना कळायचं. धाकट्यांना मात्र एक माणूस नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी अक्राळविक्राळ काहीतरी आलेलं दिसायचं.

हे वाचायच्या आधीच मी बालवाडीत अनुभवलं होतं. गोष्ट सांगताना मी मुलांच्या समोरच पुठ्ठ्याचा वाघाचा मुखवटा तोंडावर बांधायची. बांधताना ती बघत असायची, हसत असायची. मुखवटा चढला की त्यातली दोन-तीन भोकाड पसरायची. मुखवट्याच्या आतून मी “अरे, मीच आहे, तुमची बाई!” म्हणून ओरडतेय, तरी ती दाराकडे पळतायत. सहा-सात वर्षांपर्यंत हे असंच चालतं. ‘दिसतं तसं नसतं’ ही म्हण त्यांना पाठ असते, पण भीती वाटते ती दिसण्याचीच. म्हणून “अरे, ते खोटं असतं, रंग लावलेला असतो” हे सांगणं सहाव्या वर्षी फारसं कामी येत नाही. मूल मान डोलावतं आणि रात्री दचकून उठतं.

त्यात ‘डार्क’ सिनेमा आणखी एक करतो. मुलांच्या कार्टूनमध्ये वाईट माणूस ओळखू यायची सोय असते. त्याचा रंग वेगळा, हसणं वेगळं, चाल वेगळी. काळोख्या सिनेमात ती सोय मुद्दाम काढून घेतलेली असते. हिरोही काळ्या कपड्यात, तोही घोगऱ्या आवाजात दम देतो, तोही माणसाला उलटा टांगतो. चांगलं आणि वाईट यांच्यातली रेघ पुसट आहे हेच तर त्या सिनेमाला दाखवायचं असतं, आणि आपल्याला मोठ्यांना त्यातच मजा येते. पण सहा वर्षांचं मूल ती रेघ आत्ता कुठे आखायला शिकतंय. पाटीवर नुकती काढलेली रेघ कोणी ओल्या बोटाने पुसावी तसं त्याला होतं.

आणि सगळ्यात नाजूक जागा वेगळीच आहे. मारामारीकडे आपलं लक्ष जातं, ती दिसते म्हणून. पण या हिरोंची जन्मकथा आठवून बघा. बॅटमॅनचे आई-वडील त्याच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मरतात. सुपरमॅनचं घरच काय, अख्खा ग्रह जातो. स्पायडरमॅनचा काका मारला जातो. जवळपास सगळे पोरके. मोठ्यांसाठी ही कथेची सुरुवात असते. लहानाला मात्र पुढचा सगळा सिनेमा दिसतच नाही, ते तिथेच अडकून बसतं.

भुसावळची एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. वडील रेल्वेत, रात्रपाळी नेहमीची, तिला जन्मापासून सवय. अचानक तिने वडिलांना रात्री घराबाहेर पडू द्यायचं बंद केलं. पायाला मिठी मारायची, बूट लपवून ठेवायची. घरच्यांना वाटलं शाळेत काही झालं, कोणी काही बोललं. तीन भेटी झाल्यावर चित्र काढता काढता तिने एक गल्ली काढली, त्यात तीन माणसं, दोन आडवी, एक उभं. चुलतभावाच्या मोबाइलवर तिने असल्याच एका सिनेमाचा सुरुवातीचा तुकडा पाहिला होता. पुढचा सिनेमा तिने पाहिलाच नव्हता. घरच्यांपैकी कोणालाच पत्ता नव्हता, कारण त्यात त्यांच्या मते ‘तसलं’ काहीच नव्हतं. ना अश्लील, ना शिवीगाळ.

आता माझी फजिती. २००८ साल. बॅटमॅनच्या ‘द डार्क नाइट’ सिनेमाची सगळीकडे चर्चा. भाचा सहा वर्षांचा, माझ्याकडे राहायला आलेला, बॅटमॅनचा भक्त. समुपदेशक म्हणून तेव्हा माझी पाच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण सांगणारी मी स्वतःच्या भाच्याला घेऊन गेले. स्फोटांची भीती वाटेल असं वाटलं होतं. प्रत्येक मोठ्या प्रसंगाला मी त्याचे डोळे झाकत होते. डोळे झाकले, कान उघडेच राहिले! थिएटरचा तो आवाज आणि समोर काळोख, म्हणजे चित्र त्याने मनातच काढलं, पडद्यावरच्याहून भयंकर. उठून बाहेर यावं असं दोनदा वाटलं, पण तिकिटाचे पैसे आणि रांगेतल्या लोकांच्या पायांवरून जायचा संकोच, बसून राहिले.

त्यातला खलनायक जोकर पांढरा चेहरा रंगवून फिरतो. नंतर सहा महिने ते पोर पावडर लावलेला चेहरा बघायला तयार नव्हतं. दारात बहुरूपी आला तर कॉटखाली. पण खरी गोष्ट त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितली. जोकरचं त्याला एवढं काही वाटलं नव्हतं. तो पहिल्यापासून वाईटच होता, असं तो म्हणाला. भीती वाटली ती अर्धा चेहरा जळालेल्या माणसाची. “मावशी, तो तर आधी चांगला होता ना?” चांगला माणूस वाईट होऊ शकतो, हे त्याला सहाव्या वर्षी, अंधारात, मोठ्या आवाजात कळलं, आणि मी शेजारी बसून त्याचे डोळे झाकत होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही या सिनेमावरून गदारोळ झाला. तिथे त्याला ‘१२ए’ मिळालं होतं, म्हणजे मोठं माणूस सोबत असेल तर बाराच्या आतलं मूलही चालतं. त्या वर्षी तिथल्या सेन्सॉरकडे सर्वांत जास्त तक्रारी याच सिनेमाच्या गेल्या. म्हणजे चुकणारी मी एकटी नव्हते, पण त्याचं समाधान काय मानायचं.

मामांच्या बोलण्याकडे येते, कारण तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. “आपण नाही का बघितले” याला दुसरी बाजूही आहे. आपल्या गोष्टींत राक्षस कमी नाहीत. नरसिंह हिरण्यकश्यपूचं पोट फाडतो हे आपण चार वर्षांच्या मुलाला आनंदाने सांगतो. मग सुपरहिरोनेच काय घोडं मारलंय?

फरक सांगण्यात आणि दाखवण्यात आहे. आजी राक्षसाची गोष्ट सांगते तेव्हा राक्षस केवढा करायचा ते ऐकणारं पोर ठरवतं. ज्याला जेवढा झेपतो तेवढाच तो त्याच्या मनात उभा राहतो. शिवाय आजीची नजर पोराच्या तोंडावर असते. त्याचे डोळे मोठे झाले की ती आवाज खाली आणते, राक्षसाला ठेच लावते, शिंक आणते, पोर हसतं. पडदा असं करत नाही. त्याला समोर कोण बसलंय याचा पत्ताच नसतो. आणि नरसिंहाच्या गोष्टीत प्रल्हाद वाचणार हे आधीपासून ठरलेलं असतं, मूलच शंभर वेळा ऐकून ते पक्कं करतं. काळोख्या सिनेमाचा शेवट बऱ्याचदा तसा मिटत नाही. हिरो जिंकतो, पण थकून, हरवून, एकटा निघून जातो. मोठ्यांना ते भिडतं. मुलाच्या लेखी दार उघडंच राहिलेलं असतं.

नंदुरबारकडे अक्कलकुव्याजवळ काठी गावात आदिवासींची राजवाडी होळी असते, ती एकदा मुद्दाम मुलांकडे लक्ष ठेवून बघा. रात्रभर ढोल, अंगभर रंगाच्या नक्ष्या काढून नाचणारे बुध्ये, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू, आणि पहाटे पेटणारी होळी. आवाज आणि रूप दोन्ही बाबतीत कुठल्याही सिनेमाला हार जाणार नाही. पण तिथलं लहान मूल बापाच्या खांद्यावर असतं. घाबरलं की बापाच्या केसांत तोंड खुपसतं, मग एका डोळ्याने बघतं, पुन्हा खुपसतं. नको झालं तर बाप चार पावलं मागे जातो. आजूबाजूची सगळी माणसं हसत-नाचत असतात, त्यांच्याकडे बघून त्याला कळतं की हे घाबरायचं काम नाही. भीतीचा डोस त्याच्या हातात आहे. थिएटरात खुर्ची पडद्याकडे वळवलेली, बाकी सगळ्यांचे चेहरे अंधारात, आणि मागे जायला जागा नाही.

रामसेंचं म्हणाल, तर मामांना विचारा, तेव्हा त्यांचं वय काय होतं आणि त्यानंतर रात्री संडासला एकटे जात होते का! मी अनेक मामांना विचारलंय. उत्तर देताना सगळे हसतात, पण ‘हो’ म्हणत नाहीत.

पुष्कळ पालकांची मुख्य काळजी असते की असले सिनेमे बघून मुलगा मारकुटा होईल. यावर मी फार जोर देत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला बाहुलीचा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतो. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बडवलेलं ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनीही तसंच केलं. अलीकडे सारा कॉयन यांनी बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला. सुपरहिरोंत जास्त रमणारी मुलं वर्षभराने थोडी जास्त मारामारी करताना दिसली, आणि ‘दुबळ्याला वाचवणं’ हा गुण मात्र त्यांच्यात वाढलेला दिसला नाही. म्हणजे ठोसा उचलला, हेतू मागेच राहिला. माझ्या अनुभवातही तसंच आहे, पण नकलेचा जोर आठ-पंधरा दिवसांत ओसरतो आणि “घरात कोणाला मारायचं नाही” एवढा नियम त्याला पुरतो. भीती मात्र मुक्याने राहते, म्हणून मला तिची काळजी जास्त.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. वय हा ढोबळ अंदाज आहे. त्याहून जास्त मी हे विचारते: घरात अलीकडे कोणी गेलंय का? आई-वडिलांपैकी कोणी बाहेरगावी, पाळीवर, दवाखान्यात आहे का? मूल अंधारात एकटं झोपतं का? आवाजाला बिचकतं का, फटाक्यांना कान झाकतं का? कार्टूनमधलं हत्तीचं पिल्लू आईपासून हरवलं तरी रडणारं मूल आहे का? यातल्या एक-दोन गोष्टींना ‘हो’ आलं तर दहाव्या वर्षीही थांबा. उलट काही मुलं लहानपणापासून ‘हे कसं करतात?’ असंच विचारतात. मुखवट्याची दोरी शोधतात. त्यांना थोडं आधी चालतं.

ढोबळमानाने मी असं सांगते. सहा-सातच्या आत काळोखे सिनेमे नाहीत, थिएटरात तर नाहीच. आठ ते दहा, घरी, दिवसा, दिवे लावून, रिमोट मुलाच्या हातात देऊन, आणि तुम्ही तो सिनेमा आधी स्वतः पाहिलेला असेल तर. अकरा-बारापासून थिएटर, सोबत घरचं मोठं माणूस. ‘ए’ असेल तर कुठल्याच सबबीवर नाही. याला शास्त्र म्हणू नका, ही माझी मोजपट्टी आहे.

मोठा बारा वर्षांचा आहे म्हणून त्याला काहीच वाटणार नाही असंही नाही. त्याची भीती वेगळी असते. १९८३ मध्ये अमेरिकेत अणुयुद्धावरचा एक सिनेमा टीव्हीवर दाखवला गेला. कँटर यांनाच त्या वेळी आढळलं की लहान मुलं त्याने फारशी हलली नाहीत आणि मोठी मुलं जास्त अस्वस्थ झाली. कारण ‘हे खरंच होऊ शकतं’ हा विचार करायची ताकद त्यांच्यात आलेली असते. तेव्हा त्याच्याशी परतीच्या वाटेवर बोला. “कसा वाटला?” असं विचारलंत तर “भारी” एवढंच उत्तर येईल. “त्याच्या जागी तू असतास तर त्याला मारलं असतंस का, पोलिसांत दिलं असतंस?” असं काहीतरी विचारा. चोपडा यायच्या आतच तो मोकळेपणाने बोलायला लागेल.

जाताना सीट कडेची घ्या. मूल “बाहेर जाऊया” म्हणालं की पहिल्या वेळीच उठायचं, “थोडंच राहिलंय” म्हणायचं नाही. ही अट बारा वर्षांच्यालाही लागू.

आणि समजा कुठेतरी, कोणाच्या तरी मोबाइलवर, धाकट्याने ते पाहिलंच, तर? तुकडे मोबाइलवर येतातच, घरात बारा वर्षांचा भाऊ आहे म्हणजे येणारच. आधी एक पथ्य, “एवढा मोठा घोडा झाला नि घाबरतो!” हे वाक्य घरातून हद्दपार करा, मामांसकट. त्याने भीती जात नाही, फक्त सांगणं बंद होतं.

दुसरं, या वयात समजावण्यापेक्षा जवळ घेणं जास्त चालतं. अमळनेरच्या एका आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. “पोऱ्या रातले दचकी उठस, ताई. मी मीठ-मोहऱ्या उतारस, मंग झोपस.” सून ओशाळली, तिला वाटलं मी अंधश्रद्धा म्हणून आजींना बोलेन. मी नाही बोलले. नजर लागते यावर माझा विश्वास नाही. पण ती आजी काय करत होती बघा. रोज ठरलेल्या वेळी त्याला मांडीवर घ्यायची, त्याच्याभोवती हात फिरवायची, आणि मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या की “गेलं!” म्हणायची. भीतीला शेवट होता, आणि तो कानाला ऐकू येत होता. ‘ते खोटं असतं’ या आमच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा सहा वर्षांच्या मुलाला ते जास्त कळतं. तुमच्या घरात दृष्ट काढत नसतील तर पांघरूण, पाण्याचा तांब्या उशाशी, बारीक दिवा, आवडतं खेळणं, जे असेल ते. त्याला घाबरवणाऱ्याचं चित्र काढू द्या आणि त्याला झुरळासारखे पाय लावू द्या.

रात्रीच्या दोन गोष्टींत गल्लत करू नका. मूल पहाटेकडे जागं होतं, रडतं, स्वप्न सांगतं, ते वाईट स्वप्न. झोपल्यावर तासा-दोन तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळतं, तुम्हाला ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही, तो वेगळा प्रकार. त्यात त्याला गदागदा हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा, आपोआप शांत होतं. महिना उलटला तरी झोप सावरली नाही, सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, शाळेला जाईना, असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावरही फोन करता येतो, मराठीत बोलतात.

राहिला जायचा दिवस. “दादाला नेता, मला का नाही?” हे होणारच, आणि त्यावर “तू लहान आहेस” हे उत्तर देऊ नका, तो अपमान असतो. “दादाला पण सहाव्या वर्षी नेलं नव्हतं, बारा झाल्यावर तुलाही नेणार” हे त्याला हिशोबाने पटतं. त्या दिवशी त्याचा वेगळा बेत ठेवा, वहिनींबरोबर. उन्हाळ्यात ४५ अंशांत एसीची तीन तासांची चैन त्याची हुकणार, तेव्हा ऊसरस, बर्फाचा गोळा, काय हवं ते, आणि घरी त्याच्या वयाचं बॅटमॅनचं कार्टून. दप्तर काढून घेऊ नका, बाटली लपवू नका. दप्तरावरच्या गड्याने काही केलेलं नाही.

परत आल्यावर धाकटा दारातच विचारणार, “बॅटमॅन जिंकला का?” तेव्हा गोष्ट मोठ्याने सांगायची, तुम्ही नाही. त्याला वाटेतच बजावून ठेवा की आई-वडिलांच्या मरणाचा भाग आणि कोणाचा चेहरा विद्रूप झाला असेल तर तो, एवढं गाळायचं. बाकी गाडी कशी उडाली, तो छतावरून कसा उतरला, ते रात्री गच्चीवर गाद्या टाकून झोपाल तेव्हा त्याला हवं तेवढं रंगवू द्या. धाकटा मध्येच तोंडावर चादर ओढेल तेव्हा त्याने थांबायचं, एवढं मोठ्याला सांगितलं की पुरे.